हा ‘पारंपरिक’ कोण?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात ओव्यांना चार पाने दिली होती. एम. ए. भाग एकच्या एका विद्यार्थिनीने लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी स्वतःच्या आजीकडून चाळीसेक ओव्या उतरवून आणल्या होत्या. त्यांतल्या बारा आम्ही निवडल्या, लेखननियमांना धरून त्यांवर हात फिरवला आणि प्रत्येकीच्या खाली उजव्या बाजूला कंसात ‘पारंपरिक’ असे छापले. विद्यार्थिनीचे नाव ‘संकलन’ म्हणून वर आले, आम्हां दोघांची नावे ‘संपादन’ म्हणून आतल्या पानावर आली. अंक घरी गेला. मुलीने आजीला तो वाचून दाखवला. आजीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ह्यो पारंपरिक कोन गं? माझ्या भावाची ओवी ह्याच्या नावावर कशी लावली?”

मुलीने हे आम्हांला स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितले आणि आम्हीही हसलो. बारांपैकी एक ओवी त्या बाईंनी स्वतः रचलेली होती. धाकटा भाऊ विहिरीच्या कामावर असताना गेला, त्यानंतरच्या नागपंचमीला. विद्यार्थिनीच्या वहीत ही माहिती होती आणि आम्ही ती वाचलीही होती. ‘लोकगीत हे समूहनिर्मित व अनामिक असते’ हे वाक्य आम्ही इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत की नाव समोर असूनही ते आम्हांला दिसले नाही.

यावरून आम्हां दोघांत जो वाद सुरू झाला, त्यात एक इंग्रजी तबकडी मध्ये आली. हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लंडनच्या वाद्यवृंदाची ‘लीज अँड लीफ’ ही तबकडी डिसेंबर १९६९ मध्ये निघाली. इंग्रजी लोकगीते विजेच्या गिटारवर, ड्रमच्या ठेक्यावर म्हणण्याची जी वाट पुढे ‘फोक रॉक’ म्हणून रुळली, तिचा इंग्लंडमधला उगम बहुतेक जण येथे दाखवतात. आमच्यापैकी एकाने ती विद्यार्थिदशेत वसतिगृहात ऐकली आणि तेव्हापासून तिचा पिच्छा सोडलेला नाही. दुसऱ्याला रॉक संगीताचे प्रेम नाही, पण बॅलडचे आहे. तबकडीवर आठ गीते आहेत. त्यांतली तीन वृंदातल्याच मंडळींची नवी आहेत, उरलेल्या पाचांचा (त्यांतले एक नुसते वाद्यांचे) कर्ता म्हणून जो शब्द छापला आहे, तोच आमच्या वार्षिकांकात होता. फरक इतकाच की तिथे त्याला शेपूट आहे: ‘पारंपरिक, मांडणी अमुक यांची’.

आधी तबकडीबद्दल. ती आम्ही चांगली मानतो आणि पुढची तक्रार त्या चांगुलपणाला धरूनच आहे. मे १९६९ मध्ये बर्मिंगहॅमहून कार्यक्रम करून परतताना या मंडळींच्या गाडीला अपघात झाला. एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्प्सन यांची मैत्रीण जिनी फ्रँकलिन हे दोघे त्यात गेले. उरलेल्यांनी उन्हाळ्यात हँपशायरमधल्या फार्ली चेंबरलेन या गावी एक घर भाड्याने घेतले. नवा ड्रमवादक आला, डेव्ह स्वॉरब्रिक हा लोकसंगीतात मुरलेला व्हायोलिनवादक आला. बेस वाजवणारे अ‍ॅश्ली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जाऊन जुने संग्रह चाळू लागले. तोपर्यंत ही मंडळी अमेरिकेकडे तोंड करून गात होती. दोन मृत्यू पाठीशी घेऊन बसलेल्या विशीतल्या मुलांना जुनी गीते नेमकी कशासाठी जवळची वाटली असतील, हे आम्ही सांगू शकत नाही. एवढे मात्र दिसते की त्या गीतांत मरण फार आहे आणि त्याबद्दल रडणे जवळजवळ नाही.

‘मॅटी ग्रोव्ह्ज’ घ्या. चाइल्ड यांच्या संग्रहात हे बॅलड ८१ व्या क्रमांकावर आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रजी नाटकात त्याचा तुकडा सापडतो, म्हणजे तेव्हाच ते लोकांच्या तोंडी होते. एका सरदाराची बायको चर्चमध्ये एका साध्या तरुणाला पाहते आणि नवरा बाहेरगावी आहे असे सांगून त्याला घरी बोलावते. चाकर ते ऐकतो आणि धावत जाऊन मालकाला सांगतो. मालक येतो, दोघे अंथरुणात सापडतात, तरुणाला तो तलवार देऊन लढायला लावतो आणि मारतो. मग बायकोला विचारतो की आता बोल, आम्हां दोघांत कोण बरा. ती मेलेल्याचे नाव घेते. मग तिलाही मारतो. बस.

सँडी डेनी हे सगळे अशा आवाजात सांगतात की जणू गावातली एखादी घटना दारात उभे राहून शेजारणीला सांगावी. कुणाची बाजू घेणे नाही, हुंदका नाही, शृंगार नाही, क्रौर्याचा नाट्यमय उच्चारही नाही. बॅलडच्या निवेदकाच्या तटस्थतेवर आम्ही वर्गात तासच्या तास बोलतो. ती तटस्थता कशी असते ते ही आठ मिनिटे ऐकून मुलांना जितके कळते, तितके आमच्या बोलण्याने कळत नाही. शब्द संपले की वाद्ये सुटतात. व्हायोलिन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि आवाजाने जे दाबून धरले होते ते तिथे बाहेर पडते. इतक्या कडव्यांच्या कथनाला विजेच्या वाद्यांची जोड का द्यावी, या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर आम्हांला ठाऊक नाही. शुद्धतावादी मंडळींनी अशा प्रयोगांवर तेव्हा नाके मुरडली आणि आजही मुरडतात. लोकगीत घाटात, शेतात, चुलीपाशी शोभते, ते ध्वनिक्षेपकावर आणू नये, हे मत आपल्याकडेही अपरिचित नाही. आम्हांला ते मान्य नाही. गीत ज्या गळ्यात जाते, त्या गळ्याच्या काळाचे होते. रॉकने या गीतांचे काही बिघडवलेले नाही.

बिघडले ते वेष्टनावर. त्या पाच ‘पारंपरिक’ गीतांच्या मागे कोण कोण उभे आहे ते पाहू लागलो तर गर्दीच दिसते. ‘रेनार्डीन’ हे त्यातले सर्वांत गूढ गीत. डोंगरात राहणारा एक पुरुष मुलीला भुलवून नेतो आणि तो माणूस आहे की माणसाच्या रूपातला कोल्हा, याची शंका ऐकणाऱ्याच्या मनात राहते. आमच्या एका जुन्या टिपणात ‘आदिम लोकमानसातील प्राणिरूपधारणेचा अवशेष’ असे त्याचे वर्णन आहे. (टिपण कोणाचे, ते विचारू नये.) स्टीव्हन विनिक यांनी २००४ साली ‘फोकलोर’ या नियतकालिकात या गीताचा मागोवा घेतला. एकोणिसाव्या शतकातल्या छापील चोपड्यांत रेनार्डीन हा नुसता वाटेवरचा भुलव्या आहे. त्याला कोल्हा करण्याचे श्रेय विसाव्या शतकातल्या साक्षर, सुशिक्षित मंडळींकडे आणि त्यांतही मुख्यतः ए. एल. लॉइड यांच्याकडे जाते. लॉइड म्हणजे पत्रकार, साम्यवादी, गायक आणि व्हॉन विल्यम्स यांच्यासह १९५९ च्या पेंग्विन लोकगीतसंग्रहाचे संपादक. ज्याला आम्ही आदिम लोकमानस म्हणत होतो ते एका विद्वानाच्या टेबलावर घडलेले होते. गीत त्यामुळे कमअस्सल ठरते का? आमच्या मते मुळीच नाही, ते आणखी चांगले झाले. पण मग लॉइड यांचे नाव कवी म्हणून का असू नये? त्यांनी स्वतःच ते लपवले, हे खरे. ‘पारंपरिक’ या शब्दाला जी पुण्याई आहे, ती ‘लॉइड’ या शब्दाला नव्हती. म्हणजे हा शब्द नाव पुसण्यासाठी जसा वापरतात तसा तो पांघरण्यासाठीही वापरतात.

दुसरे उदाहरण नव्या म्हणून छापलेल्या तिघांपैकी एकाचे, ‘फेअरवेल, फेअरवेल’चे. शब्द थॉम्प्सन यांचे, चाल मात्र ‘विली ओ विन्सबरी’ या जुन्या बॅलडची. ही चाल त्या बॅलडला कशी मिळाली याची हकीकत आयरिश गायक अँडी अर्व्हाइन यांनी स्वतःच सांगितली आहे. चाइल्डच्या क्रमांकावरून चाल शोधताना त्यांचा घोटाळा झाला आणि दुसऱ्याच बॅलडची चाल त्यांनी या शब्दांना लावली. आज ते बॅलड बहुतेक जण त्याच चालीवर गातात. एका माणसाची एका दुपारची चूक दहा-वीस वर्षांत परंपरा झाली. पाठचिकित्सा शिकवताना लेखनिकाच्या हस्तदोषातून पाठभेद कसे होतात हे आपण सांगतोच, मौखिक परंपरेतही लेखनिक असतात हे मात्र सांगत नाही.

हे झाले नावाजलेल्यांचे. खरा प्रश्न ज्यांना कुणी नावाजले नाही त्यांचा आहे. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे गीत १९६४ मध्ये अ‍ॅनिमल्स या इंग्रजी वृंदाने जगभर पोहोचवले. १९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स हे संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो गावी गेले होते. तिथे जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीने त्यांना हे गीत म्हणून दाखवले. लोमॅक्स यांनी ते तिच्या नावानिशी १९४१ च्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या संग्रहात घेतले. पुढे ते न्यूयॉर्कच्या गायकांकडे गेले, १९६२ मध्ये बॉब डिलन यांच्या पहिल्या तबकडीवर आले. अ‍ॅनिमल्सच्या तबकडीवर ‘पारंपरिक’च्या पुढे मांडणीकार म्हणून पाच वादकांपैकी एकाचेच, अ‍ॅलन प्राइस यांचे, नाव छापले गेले. लेबलवर पाच नावांना जागा नव्हती, असे कारण पुढे सांगण्यात आले. त्यावरून उरलेल्या चौघांचा राग जन्मभर टिकला. पाचांना जागा नव्हती हे मोठे दुःख ठरले. सहावीचा विचारच कुणाला शिवला नाही.

यातले अर्थकारण आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. ज्या गीताचा कर्ता ज्ञात नाही किंवा मरून पुष्कळ वर्षे लोटली आहेत, ते कायद्याने सर्वांचे असते. मात्र त्याची नवी ‘मांडणी’ हे स्वतंत्र काम समजले जाते आणि तिचे मानधन मांडणी नोंदवणाऱ्याला मिळते. म्हणजे मूळ गीताला कर्ता नसणे मांडणीकाराच्या, त्याच्या प्रकाशकाच्या आणि तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या सोयीचे आहे. एखाद्याने लबाडी करावी लागते असेही नाही. रकाना तसाच आखलेला असतो. ‘स्कारबरो फेअर’चे प्रकरण प्रसिद्ध आहे. पॉल सायमन यांनी ते १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये मार्टिन कार्थी यांच्याकडून घेतले आणि १९६६ च्या तबकडीवर ते सायमन आणि गारफंकेल यांच्या नावे आले. कार्थी यांच्या मनात त्याचा सल पुष्कळ वर्षे राहिला. २००० साली लंडनमधल्या कार्यक्रमात सायमन यांनी त्यांना बोलावून दोघांनी ते गीत एकत्र म्हटले, तेव्हा तो मिटला. ही गोड कथा सगळे सांगतात. कार्थी यांना ते ज्या पुस्तकातून मिळाले, ते ईवन मॅककॉल आणि पेगी सीगर यांचे. त्यात ते मार्क अँडरसन नावाच्या, शिशाच्या खाणीत आयुष्य घालवलेल्या उत्तर इंग्लंडमधल्या म्हाताऱ्याकडून आल्याची नोंद आहे. समेटाच्या कथेत हा म्हातारा कुठेच नाही.

आमच्यापैकी एकाचा आक्षेप इथे नोंदवला पाहिजे, कारण त्यावर आमचे बरेच दिवस गेले. जॉर्जिया टर्नर ही त्या गीताची कवयित्री नव्हतीच. तिच्या आधी चार वर्षे, १९३३ मध्ये, ते तबकडीवर आलेले होते. तिनेही ते कुणाकडून तरी ऐकले. मग तिचे नाव लावणे म्हणजे एका साखळीतली एक कडी उगाच मोठी करणे नव्हे काय? व्यक्तिनिष्ठ कर्तृत्वाची आधुनिक कल्पना आपण मौखिक परंपरेवर लादत आहोत, असेही म्हणता येईल. हा आक्षेप वजनदार आहे आणि सेसिल शार्प यांनीही १९०७ च्या आपल्या ग्रंथात जवळजवळ हेच म्हटले आहे. गीत सातत्याने टिकते, गाणाऱ्यागणिक बदलते आणि त्या बदलांतून समूह निवड करतो. निवडीअंती उरते ते समूहाचे, ही त्यांची मांडणी आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतही मुरलेली आहे.

पण शार्प यांच्या वह्या वेगळेच सांगतात, आणि आमचे मत त्या वह्यांनी बदलले. १९०३ साली सॉमरसेटमधल्या हँब्रिज गावी ते आपल्या पाद्री मित्राकडे उतरले होते. बागेत गवत कापणारा माळी एक गीत गुणगुणत होता. त्या माळ्याचे नाव जॉन इंग्लंड. (कादंबरीकाराने असे नाव ठेवले असते तर आम्ही गुण कापले असते.) शार्प यांनी ‘द सीड्स ऑफ लव्ह’ हे गीत तिथल्या तिथे उतरवले, पियानोची साथ बांधली आणि त्याच सुमारास ते सभ्य मंडळींपुढे गाऊन घेतले. या गीताला आज पहिल्यांदाच मेजवानीचा पोशाख चढला, असे कुणीतरी म्हणाल्याची आठवण सांगतात. पुढे शार्प यांनी हजारो गीते जमवली. सिद्धान्त समूहाचा असला तरी प्रत्येक गीताशी त्यांनी माणूस लिहिला: नाव, गाव, तारीख. हँब्रिजच्याच लुई हूपर आणि लूसी व्हाइट या दोघी बहिणींनी त्यांना केवढी तरी गीते दिली. शार्प यांनी गायकांची छायाचित्रेही काढली. ती पाहिली की ‘समूह’ हा शब्द तोंडात अडखळतो. सगळी माणसे कॅमेऱ्याकडे आपापल्या रीतीने बघत आहेत. वहीतले नाव छापील संग्रहाच्या मागच्या टिपांत गेले आणि पुस्तकातून पुस्तकात जाता जाता गळून पडले. तबकडीच्या लेबलपर्यंत पोहोचेतो ‘पारंपरिक’ एवढेच उरले. अनामिकता गीताच्या जन्माबरोबर येत नाही. ती वाटेत, बहुधा शिकलेल्यांच्या हातून, लागते. जॉन इंग्लंड त्या गीताचे कवी नव्हते, हे शंभर टक्के मान्य. पण जो पाठ शार्प यांच्या वहीत उतरला, तो त्यांच्या गळ्यातला होता. हँब्रिजमधल्या दुसऱ्या कुणाकडे ते गेले असते तर दुसरा पाठ मिळाला असता. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकाने कोणती पोथी वापरली ते न सांगता पाठ छापला तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. ओवीच्या बाबतीत मात्र पोथीचे नाव विचारायचीही आपल्याला सवय नाही, कारण ती पोथी दळत बसलेली असते.

‘लीज अँड लीफ’च्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला चाइल्ड आणि शार्प यांच्याविषयी, इंग्रजी गावांतल्या उत्सवांविषयी टिपणे आणि चित्रे आहेत. १९६९ सालच्या रॉकच्या तबकडीवर हार्वर्डच्या प्राध्यापकाचे चित्र असावे याचे आमच्या व्यवसायाला बरे वाटायला हवे, आणि वाटतेही. संग्राहकाला जागा मिळाली, हे त्या मुलांच्या कृतज्ञतेचेच लक्षण आहे. चाइल्ड यांनी ३०५ बॅलडे जमवली ती मुख्यतः हस्तलिखितांतून आणि छापील ग्रंथांतून. त्यांतली त्यांच्या मते सर्वांत उत्तम अशी काही अ‍ॅबर्डीनच्या एका प्राध्यापकाची मुलगी अ‍ॅना गॉर्डन हिच्याकडून आलेली होती. तिने ती मावशीकडून, आईकडून आणि घरातल्या दाईकडून ऐकली होती. नाव नोंदले गेले ते प्राध्यापकाच्या मुलीचे. दाई राहिली दाईच. नाव मिळायलाही आधी थोडे नाव असावे लागते.

याला अपवाद करणारे लोक त्याच पिढीत होते, त्यामुळे ‘त्या काळी तशीच पद्धत होती’ हे उत्तर चालत नाही. शर्ली कॉलिन्स १९५९ मध्ये लोमॅक्स यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेत हिंडल्या. गीत कुणाच्या ओसरीवर बसून कसे मिळते ते त्यांनी पाहिले होते. गीत कुणाकडून आले ते सांगणे हा त्यांच्या दृष्टीने गाण्याचाच भाग आहे. हचिंग्ज यांच्याबरोबर १९७१ मध्ये विजेच्या वाद्यांवर त्यांनी ‘नो रोझेस’ केली, मध्ये कित्येक वर्षे आवाज गेला, आणि २०१६ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, ‘लोडस्टार’ केली. इतक्या साध्या, सपाट, नितळ आवाजात त्या गातात की गाणारी बाजूला होऊन जिच्याकडून गीत आले तीच पुढे येते, असे आमच्यापैकी रॉक न आवडणाऱ्याचे म्हणणे आहे. दुसऱ्यालाही ते नाकारता आलेले नाही.

आता घरचे. मराठी मौखिक परंपरेला नावाचे वावडे होते असे कुणी म्हणू नये. अभंगाला नाममुद्रा आहे, लावणीच्या आणि पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपली आणि गुरूची सही करतो. ज्यांना सही करण्याची रीत नव्हती त्या बायका. आणि तिथेही, नाव टिकणे किती योगायोगाचे असते याचे उदाहरण आपल्या अभ्यासक्रमातच आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या जे गात ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी उतरवून ठेवले. १९५१ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ आली. सोपानदेव स्वतः कवी होते. ते तसे नसते, आणि एखादा उत्साही संग्राहक आसोद्याला आला असता, तर तीच गाणी आज आपण ‘खानदेशी लोकगीते (पारंपरिक)’ या मथळ्याखाली शिकवत असतो आणि त्यांतून खानदेशी समूहमनाची लक्षणे काढत असतो. पाच गुणांचा प्रश्नही असता.

उलट दिशेचे काम झालेले नाही असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या बाईच्या नावासह, गावासह. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर त्या आवाजासकट ऐकता येतात. इकडे संगीताचा व्यापार मात्र जुन्याच वाटेने चालला आहे. २०२० मध्ये बादशाह यांच्या ‘गेंदा फूल’मधल्या बंगाली ओळी लोकगीत म्हणून वापरल्या गेल्या. त्या रचणारे वीरभूमचे रतन कहार तेव्हा हयात होते, घरी होते. बोभाटा झाल्यावर गायकाने त्यांना पाच लाख रुपये दिले. हे चांगलेच झाले, पण ती मदत होती, मानधन नव्हते. आज फोनवर गाणे ऐकताना श्रेयनामावली उघडून पाहावी. गीतकार, संगीतकार यांच्या रकान्यात पुष्कळदा ‘ट्रॅडिशनल’ असे छापलेले असते, अगदी माणसाचे नाव असावे तसे. म्हणजे त्या आजींचा प्रश्न भाबडा नव्हता. हा पारंपरिक नावाचा गृहस्थ खरोखरच अस्तित्वात आहे, जगातला सर्वांत मोठा गीतकार आहे आणि त्याचे खाते कुणीच काढलेले नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. तबकडीच्या असो, वार्षिकांकाच्या असो की पाठ्यपुस्तकाच्या, एका ओळीत ‘अमुक गावच्या अमुक यांच्याकडून, अमुक साली’ एवढे मावते. त्याने कर्तृत्वाचा सिद्धान्त कोसळत नाही आणि मांडणीकाराचे मानधनही कमी होत नाही. इंग्लंडमधल्या संग्रहांचे बहुतेक कागद आता व्हॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. स्टीव्ह राउड यांच्या सूचीत ‘द सीड्स ऑफ लव्ह’चा क्रमांक तीन शोधला की गाणाऱ्यांची रांगच दिसते. ठाऊक नव्हते, ही सबब तिथे संपली आहे. आपल्याकडे ती अजून चालते, कारण आपल्या विभागांत विद्यार्थ्यांचे प्रकल्प गुण दिल्यावर कपाटात जातात आणि कपाट भरले की रद्दीत. आमच्या विभागातल्या कपाटात वीस वर्षांच्या वह्या होत्या. या वादानंतर शोधायला गेलो तेव्हा अकरा सापडल्या.

यंदाच्या अंकात शुद्धिपत्र छापायचे ठरले. त्यासाठी विद्यार्थिनीला पुन्हा आजीकडे पाठवले: बारांपैकी तुमच्या किती, एवढे विचारून ये. आमची अपेक्षा अशी की एक तर नक्की, फार तर सगळ्याच आपल्या म्हणतील. त्यांनी मुलीला अंक पुन्हा वाचायला लावला आणि एकेका ओवीला थांबवून सांगितले. दोन त्यांच्या स्वतःच्या. तीन आत्याच्या, आत्याचे नाव आणि सासरचे गाव. दोन १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला शेजारी बसायची त्या बाईच्या. तिचे नाव आठवते, आडनाव नाही, ‘जालन्याकडची होती’. एक रेडिओवर ऐकलेली. उरलेल्या चार ‘जुन्या हायेत, म्हातारीच्याबी आधीच्या’. त्यातली म्हातारी म्हणजे त्यांची आजी.

आठ ओव्यांची नावे शुद्धिपत्रात लागली आहेत. उरलेल्या चारांखाली काय छापावे यावर आम्हां दोघांचे अजून जुळलेले नाही, आणि अंक पुढच्या आठवड्यात छापखान्यात जायचा आहे.